घर स्वस्त, पण काम कुठे? गोव्याच्या वेशीवर राहायला येणाऱ्यांचा आणि इथून जाणाऱ्यांचा हिशेब

सावंतवाडी : डिसेंबर लागला की दिल्लीकडे थंडी आणि धुरकं वाढतं आणि इकडे सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्यात जमीन दाखवणाऱ्यांचे फोन वाजायला लागतात. ‘समुद्र जवळ, विमानतळ जवळ, थंडीचा त्रास नाही, गोव्यापेक्षा निम्म्या दरात’ अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. गाड्या येतात, सडा बघतात, विहिरीचं पाणी विचारतात, फोटो काढतात आणि जातात.

त्याच गावातला एखादा तरुण मात्र सकाळी अंधार असतानाच दुचाकीला किक मारून गोव्याकडे निघालेला असतो. गणपतीला आलेला चाकरमानी भाऊ मुंबईला परतताना दरवर्षी तेच बोलून जातो, “आता पुरे झाली मुंबई, घर दुरुस्त करून इकडेच यायचं.”

बाहेरचा माणूस इथे यायला बघतो, मुंबईकर परत यायला बघतो आणि गावचा मुलगा रोज बाहेर जातो. तिघांच्याही डोळ्यासमोर गोष्ट एकच आहे, स्वस्तातलं घर. पण तिघांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कागदावर न मांडता घेतलेला निर्णय पुढे महागात पडतो.

घर स्वस्त का आहे?

सिंधुदुर्गात जागा आणि घर मुंबई-पुण्यापेक्षा, आणि आता गोव्यापेक्षाही, स्वस्त मिळतं. यामागचं कारण फार कमी जण बोलून दाखवतात. इथे घर स्वस्त आहे, कारण इथे काम कमी आहे.

जनगणनेचे आकडे बघा. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ साली ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात दहा वर्षांत १९ हजारांहून जास्त माणसं कमी झाली. शेजारच्या रत्नागिरीतही तेच झालं. दोन्ही जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या हजाराच्या वर आहे, सिंधुदुर्गात १०३६ आणि रत्नागिरीत ११२२. कमावता पुरुष बाहेर आणि घर सांभाळणारी बाई गावात, हे चित्र त्या आकड्यांत सरळ दिसतं.

जिथून माणसं कामासाठी बाहेर जातात तिथे घरं रिकामी पडतात, आणि रिकाम्या घरांच्या गावात भाडं वाढत नाही. म्हणून ‘इथे घर किती स्वस्त!’ असं म्हणणाऱ्याने पुढचा प्रश्न लगेच विचारायला हवा. माझा पगार कुठून येणार?

या एका प्रश्नावर सगळं ठरतं. ज्याचं उत्पन्न बाहेरून येतं, म्हणजे पेन्शन, मुंबईतल्या खोलीचं भाडं, बोटीवरचा पगार किंवा घरी बसून करायची शहरातली नोकरी, त्याला स्वस्त घराचा पूर्ण फायदा होतो. ज्याला उत्पन्न इथेच मिळवायचं आहे, त्याचा घरभाड्यात वाचलेला पैसा पगारात कापला जातो. बऱ्याचदा वाचतो त्यापेक्षा जास्त कापला जातो.

गोव्यात काय झालं

हे समजून घ्यायला लांब जायला नको. वेशीपलीकडे गोव्यात हा प्रकार आधीच घडून गेला आहे.

गोव्यात बाहेरच्यांचं घर घेणं नवीन नाही, पण २०२० च्या टाळेबंदीनंतर त्याला जोर आला. ऑफिसं घरातून चालायला लागली. दिल्ली, मुंबई, बंगळूरमधल्या पगारदारांना वाटलं की पगार शहराचा आणि राहणं समुद्राजवळ, यापेक्षा चांगलं काय? आसगाव, शिवोली, हणजूण, हरमल, मांद्रे ही नावं त्यामुळे देशभर पोचली. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांसाठी खुला झाला आणि पेडणे तालुक्यातल्या जमिनीकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

ज्यांची जमीन होती त्यातल्या काहींना पैसा मिळाला. पण गोव्यातच पगार कमावणाऱ्या गोंयकाराला आपल्याच गावात फ्लॅट घेणं जड झालं. शहरातल्या पगाराशी त्याच्या पगाराची स्पर्धा लागली आणि त्यात तो मागे पडला. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांच्या हातात जाऊ नये म्हणून गोवा सरकारला २०२३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. जमिनीचे झोन बदलण्यावरून तिथे आजही आंदोलनं होतात.

दर वर गेले की गिऱ्हाईक पुढच्या गावात जातं. पेडण्याच्या पुढचं गाव म्हणजे आपला सातार्डा, आरोंदा, बांदा. दुसऱ्या बाजूला दोडामार्ग. म्हणूनच ‘गोव्यापेक्षा निम्म्या दरात’ ही जाहिरात आज इकडे फिरते आहे. गोव्यात जे आधी झालं तेच इथे आता सुरू होताना दिसतं.

मुंबईहून परतणाऱ्याचा हिशेब

आता चाकरमान्याचं बघू. उदाहरणासाठी एक कुटुंब धरू. नालासोपाऱ्याला भाड्याची खोली, भाडं ९ हजार. नवऱ्याचा पगार ३० हजार, बायको घरगुती काम करून ८ हजार मिळवते. महिन्याची मिळकत ३८ हजार. भाडं वजा जाता हातात २९ हजार.

हेच कुटुंब गावी आलं. घर वडिलांचं, भाडं शून्य. नवऱ्याला कुडाळ किंवा सावंतवाडीत दुकानात, हॉटेलात किंवा एखाद्या कारखान्यात १४ हजारांचं काम मिळालं. बायकोला पहिल्या वर्षी काहीच मिळालं नाही. हातात १४ हजार.

भाड्याचे ९ हजार वाचले हे खरं. पण मिळकत २४ हजारांनी घटली. भाजी, नारळ, तांदूळ घरचे असले तरी हा फरक भरून निघत नाही. गॅस, तेल, औषध, मोबाइलचा रिचार्ज, मुलांच्या वह्या यांचा दर गावात आणि शहरात जवळपास सारखाच असतो. काही वस्तू गावात उलट महाग पडतात, कारण त्या तिथपर्यंत आणायचं भाडं वर चढतं. लोकलचा पास सुटतो खरा, पण त्याच्या जागी दुचाकी आणि पेट्रोल येतं.

आता दुसरं कुटुंब धरू. नवरा-बायको दोघं साठीच्या पुढची, मुलगा मुंबईत कमावता. पेन्शन आणि मुलाने पाठवलेले मिळून महिन्याला १८ हजार. हे दोघं मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा गावात नक्की सुखात राहतील. पैसा बाहेरून येतो, घर स्वतःचं आहे. त्यांना फक्त एक गोष्ट बघायची आहे, दवाखाना. त्याबद्दल पुढे येईलच.

या दोघांच्या मधला मार्गही काही जणांनी धरला आहे. नवरा मुंबईतच राहतो, बायको-मुलं गावी येतात, मुलं गावच्या शाळेत जातात. किंवा आधी घर दुरुस्त करून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या, न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करायची आणि दोन हंगाम चालतंय का ते बघून मग मुंबई सोडायची. हा मार्ग सावकाशीचा आहे, पण त्यात परतीचा रस्ता बंद होत नाही. मुंबईतली खोली विकून, तो पैसा घरात घालून मग काम शोधायला लागलेल्यांचे मात्र हाल होतात. एकदा सोडलेली मुंबईतली जागा पुन्हा मिळत नाही.

पर्यटनाच्या उत्पन्नाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, पण इथला हंगाम दिवाळी ते मे असाच राहिला आहे. पावसाळ्यात समुद्रातल्या जलक्रीडा बंद असतात, बोटी वर काढलेल्या असतात. आंबा आणि काजू वर्षातून एकदाच पैसा देतात, त्यातही मोहोर जळला किंवा काजू बीचा दर पडला की गणित कोसळतं. म्हणून आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचा खर्च बसवता येतो का, हे आधी पाहावं.

राहणं इकडे, काम तिकडे

गावच्या तरुणाने यावर आपलं उत्तर काढलं आहे. राहायचं सिंधुदुर्गात, काम करायचं गोव्यात. बांदा, सातार्डा आणि दोडामार्गाच्या नाक्यावर सकाळी उभं राहिलं तर एमएच ०७ च्या दुचाक्यांची रांग दिसते. कोण म्हापशाला दुकानात, कोण वेर्ण्याला औषध कंपनीत, कोण मोपाला, कोण किनाऱ्यावरच्या हॉटेलात.

यात फायदा आहे, पण तो अंतराप्रमाणे बदलतो. हिशेबासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर आणि दुचाकी लिटरला ५० किलोमीटर धरली, महिन्याला २६ दिवस काम धरलं, तर काय दिसतं?

बांद्याजवळच्या एखाद्या मुलाला मोपाचं काम मिळालं आणि जाऊन-येऊन २५ किलोमीटर पडले, तर महिन्याला ६५० किलोमीटर होतात. पेट्रोल १३ लिटर, खर्च १,३०० रुपये. घर आपलं, जेवण घरचं. पगार जवळजवळ पूर्ण हातात. हा सौदा चांगला आहे.

सावंतवाडीच्या मुलाला पणजीत काम मिळालं आणि रोजचे जाऊन-येऊन १२० किलोमीटर धरले, तर महिन्याला ३,१२० किलोमीटर होतात. पेट्रोलच ६२ लिटर, म्हणजे ६,२०० रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग धरून ७ हजारांच्या पुढे. पगार १८ हजार असेल तर त्यातला ४० टक्के रस्त्यावर गेला. तीन मित्रांनी मिळून गोव्यात खोली घेतली, माणशी ४ हजार भाडं आणि मेसचे साडेतीन हजार दिले, तरी खर्च साधारण तेवढाच येतो. म्हणजे गावात घर असूनही वाचलं काहीच नाही. वर रोजचे तीन तास रस्त्यावर गेले. पावसाळ्यात, रात्रपाळी संपवून, झोपेच्या डोळ्यांनी महामार्गावर दुचाकी चालवण्याचा धोका पैशांत मोजता येत नाही. ज्या घरातला मुलगा असा गेला आहे, त्या घराला हे सांगायला नको.

एसटी किंवा कदंबची बस दुचाकीपेक्षा स्वस्त पडते. पण सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची बस पाळीच्या वेळेशी जुळली तरच तिचा उपयोग. कोकण रेल्वे सावंतवाडी, मडुरा, पेडणे, थिवी अशी जाते, पण ती मुळात लांबच्या प्रवासासाठी बांधलेली एकेरी लाइन आहे. मुंबईच्या लोकलसारखी दर पंधरा मिनिटांनी गाडी तिथे नाही.

दुसरा मुद्दा हक्काचा. गोव्यात काम केलं म्हणून गोव्याच्या सवलती मिळत नाहीत. गोव्यातल्या सरकारी नोकरीसाठी तिथल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तिथे किमान पाच वर्षं राहिलेल्यांसाठी आहे. मतदान आपलं इकडे, कर भरतो तिकडे, आणि अडचण आली की दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात. २०२० च्या टाळेबंदीत पत्रादेवीला सीमा बंद झाली तेव्हा हे कळून आलं. पलीकडे नोकरी आणि अलीकडे घर, मध्ये बांबूची कवाडं. कित्येकांचे पगार अडकले, काहींच्या नोकऱ्या गेल्या.

उबदार हवेचा खर्च

बाहेरून येणाऱ्याला इथली हवा आवडते. कडाक्याची थंडी नाही, हीटर नाही, लोकरीचे कपडे नाहीत. पण उबदार हवा फुकट मिळत नाही, तिचा खर्च वेगळ्या रूपात येतो.

पहिला खर्च पावसाचा. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चिऱ्याचं आणि कौलांचं घर दरवर्षी मे महिन्यात बघावंच लागतं. कौलं परतायची, वासे-रिपा तपासायच्या, वाळवी शोधायची, पडवीला झड लागू नये म्हणून झाप किंवा पत्रा बांधायचा. दोन पावसाळे बंद राहिलेलं घर तिसऱ्या वर्षी राहण्यासारखं राहत नाही. माकडांनी कौलं फोडायला सुरुवात केल्यापासून अनेकांनी पत्रे घातले किंवा स्लॅब टाकला. स्लॅबचं घर एप्रिल-मे मध्ये तापतं, मग एसी लागतो, आणि मग वीज बिल येतं. जुन्या लोकांनी जाड चिऱ्याची भिंत आणि उंच कौलारू छप्पर काही उगाच नव्हतं केलं.

दुसरा खर्च पाण्याचा. एवढा पाऊस पडूनही सड्यावरच्या वाड्यांत एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. जमीन बघायला लोक डिसेंबरात येतात तेव्हा सगळं हिरवं असतं, विहीर भरलेली असते. म्हणून जाणती माणसं सांगतात, जागा बघायची तर मे महिन्याच्या शेवटी बघा, आणि रस्ता बघायचा तर जुलैत बघा.

तिसरा खर्च विजेचा आणि इंटरनेटचा. घरून काम करणाऱ्याचा पगार नेटवर्कवर उभा असतो. वादळवाऱ्यात झाड तारांवर पडलं की दोन-दोन दिवस वीज नसते. इन्व्हर्टर, बॅटरी आणि दुसरं सिम हा त्याचा घरभाड्याइतकाच पक्का खर्च आहे. दोडामार्गच्या तिलारी खोऱ्यात तर हत्ती केळी, माड आणि पोफळी आडव्या करतात, हेही नवीन बाग घेणाऱ्याला आधी कुणी सांगत नाही.

दवाखाना आणि शाळा

घराच्या किमतीत न दिसणारी सगळ्यात मोठी रक्कम इथे लपलेली असते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचा माणूस गंभीर आजारी पडला की रुग्णवाहिका बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे वळते. पिढ्यान् पिढ्या हेच चाललं आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गला लोक रस्त्यावर बसले होते. नंतर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेच्या आधाराने मार्ग काढण्याची धडपड झाली. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण बांबोळीचा रस्ता अजून सुटलेला नाही.

म्हणून निवृत्त होऊन गावी येणाऱ्याने घर दुरुस्तीच्या आधी चार गोष्टी तपासाव्यात. आपलं रेशनकार्ड आणि आयुष्मान किंवा फुले योजनेचं कार्ड चालू आहे का? रोजची औषधं जवळच्या बाजारात मिळतात का? डायलिसिस किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती सोय किती किलोमीटरवर आहे? रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार? शेवटचा प्रश्न हसण्यासारखा नाही. ज्या वाडीत म्हातारी माणसंच राहिली आहेत, तिथे गाडी चालवणारा माणूस नसणं हाच मोठा आजार आहे.

मुलांच्या बाबतीत प्राथमिक शाळेपर्यंत अडचण कमी आहे. मात्र पट कमी असलेल्या शाळांचं भवितव्य काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. बारावीनंतर मुलगा कोल्हापूर, बेळगाव, पणजी किंवा मुंबईलाच जातो. त्याच्या होस्टेलचा खर्च हाही गावातल्या स्वस्त घराचाच खर्च धरायला हवा.

विकणाऱ्याने काय बघावं

आता जमीन मालकाची बाजू. समोरचा रोख दर बोलतो तेव्हा मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पडीक सड्यातून वर्षाला काही येत नाही, घरात लग्न आहे, कर्ज आहे. विकू नका असं सांगणं सोपं आहे, पण ज्याचं घर अडलं आहे त्याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. फक्त काही गोष्टी माहीत असल्या पाहिजेत.

कोकणातले बरेचसे सातबारे सामायिक आहेत. एकेका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. अशा जमिनीत एका हिस्सेदाराने विकला तर त्याचा फक्त हिस्सा विकला जातो, ठरावीक तुकडा नाही. दोडामार्ग तालुक्यात अशा परस्पर व्यवहारांवरून तक्रारी आणि आंदोलनं झाली आहेत. वाटप न झालेल्या राहत्या घराबाबत मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ चा आधार आहे. कुटुंबाबाहेरच्या खरेदीदाराला घरच्यांसोबत एकत्र ताबा मागता येत नाही, त्याला वाटपाचाच दावा करावा लागतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलग्यांइतकाच आहे. बहिणींना न विचारता केलेला व्यवहार पुढे कोर्टात जातो.

महाराष्ट्रात कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. समोरचा शेतकरी असल्याचा पुरावा दाखवतो का, की मध्ये दुसऱ्याचं नाव घालतो, हे बघितलं पाहिजे. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळचा कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्नही लोकांनी अनेक वर्षं भोगला आहे. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला कागद पुढच्या पिढीला किती छळतो, हे त्या गावांना विचारावं.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, रस्त्याकडची आणि पाण्याची जागा शेवटी विकावी. आज ती सगळ्यात आधी विकली जाते, कारण तिलाच भाव येतो. उद्या मुलगा गोव्यात कायम झाला आणि त्याला वेशीजवळ स्वतःचं घर बांधावंसं वाटलं, तर त्याच्या पगारात ती जागा परत घेता येणार नाही. गोव्यातल्या पगारावर आणि सिंधुदुर्गातल्या घरात राहण्याचा जो फायदा आज बांद्याच्या मुलाला मिळतो आहे, तो त्याच्या वडिलांनी जमीन राखली म्हणून मिळतो आहे.

मग काय व्हायला हवं?

घर आहे तिथे काम आणणं हाच खरा उपाय. दोडामार्ग तालुक्यातल्या आडाळी एमआयडीसीकडे लोक कित्येक वर्षं डोळे लावून बसले आहेत. तिथे कारखाने खऱ्या अर्थाने चालू झाले तर रोजची दुचाक्यांची रांग कमी होईल. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण मोपा सुरू झाल्यावर प्रवासी कुठे वळतात हे सगळे बघत आहेत. काजू, कोकम, आंबा यांच्यावर इथेच प्रक्रिया वाढली तर हंगामाचा पैसा वर्षभर पसरेल.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत तीन कामं तुलनेने सोपी आहेत आणि ती लोकप्रतिनिधींकडे मागता येतात. गोव्यातल्या पाळ्यांच्या वेळा धरून बांदा, सातार्डा आणि दोडामार्गातून एसटी-कदंबच्या बस. बांबोळीला जाणाऱ्या रुग्णांसाठी दोन्ही सरकारांमध्ये कायमचा लेखी करार. आणि ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञ डॉक्टरांच्या जागा भरलेल्या. या तीन गोष्टी झाल्या तर इथलं घर खरोखर स्वस्त होईल, नुसतं किमतीने नाही.

निर्णयाआधी

यायचं असो, परतायचं असो की जायचं, एका वहीच्या पानावर दोन रकाने पाडावेत. एका बाजूला घराचा वाचणारा पैसा. दुसऱ्या बाजूला पगारातली घट, रस्त्याचा खर्च, घराची वर्षाची डागडुजी, दवाखाना आणि मुलांचं शिक्षण. दुसरा रकाना मोठा निघाला तर थांबावं, आधी काम बघावं आणि मग घर. पहिला मोठा निघाला तर अजून एक पावसाळा गावात राहून बघावं, मग मुंबईतली खोली सोडावी.

‘घर आसा, पण काम खंय आसा?’ हा प्रश्न इथल्या आयांनी मुलांना मुंबईच्या गाडीत बसवताना विचारलेला आहे. आज गाडीची दिशा बदलते आहे, कोण गोव्याला जातो, कोण मुंबईहून परततो, कोण दिल्लीहून येतो. जो आधी या प्रश्नाचं उत्तर शोधेल आणि मग चिरे टाकेल, त्याचं घर टिकेल.